थंडीला नासणारं रक्त

पाचपावलीतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत हिवाळ्याची सकाळ पाजणीनं सुरू व्हायची. ताण्याचं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचं, त्याला भाताची खळ लावायची आणि कुंच्यानं झाडून झाडून एकेक धागा मोकळा करायचा. ऊन चढलं की खळ वाळते आणि धागे एकमेकांना चिकटतात, म्हणून हे काम उजाडता उजाडताच उरकावं लागे. बोटं थंड खळीत, पाय थंड मातीत आणि अंगावर एक बंडी. जागेश्वरनं बारा वर्षांचा असल्यापासून हे केलं होतं आणि आता त्यानं पन्नाशी ओलांडली होती. थंडीबद्दल त्यानं कधी तक्रार केली नव्हती.

त्याचे कान पहिल्यांदा पाहिले ते रुख्माबाईनं, त्याच्या बायकोनं. चहाचा पेला घेऊन ती गल्लीत आली तर त्याच्या कानांच्या पाळ्या जांभळासारख्या झालेल्या. बोटांची टोकंही तशीच.

"काहो, तुमचे कान काहून निळे पडून राहिले?"

"थंडी आहे वं. थंडीत कान दुसरे कसे होतीन?"

तो चहा प्यायला, कान चोळले आणि थोड्या वेळानं ते पुन्हा सावळे झाले. गोष्ट तिथंच राहिली असती. पण त्याच आठवड्यात तो एका सकाळी परसातून आला आणि ओट्यावर गप्प बसून राहिला. रुख्माबाईनं दोनदा विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, "लघवी कोऱ्या चहासारखी झाली."

डोळेही पिवळट दिसत होते. वैद्यानं कावीळ म्हटलं, काढा दिला, तेलातुपाचं बंद केलं. फाल्गुनापर्यंत सगळं आपोआप साफ झालं आणि काढ्याला यश मिळालं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. पुन्हा काढा, पुन्हा फाल्गुनात बरा. रुख्माबाईला वाटलं, काही माणसांना असंच असतं, दरवर्षी एकदा आजार यायचा आणि जायचा.

तिसऱ्या वर्षीची थंडी मात्र वेगळी होती. काटोलकडे गारा पडल्या होत्या आणि वारा थेट तिकडून येत होता. जागेश्वर पाजणीच्या सुतावर वाकला आणि वाकलेलाच खाली गेला. त्याचा धाकटा भाऊ चंपतराव पलीकडच्या टोकाला ताण धरून होता. तो धावत आला, त्यानं भावाला उचललं आणि उचलताना त्याला धक्काच बसला. थोरला भाऊ अंगानं रुंद, पण हाताला हलका लागला आणि चेहरा पांढरा फटक होता.

चंपतराव आणि रुख्माबाईनं त्याला सायकलरिक्षात घातलं. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं आणि धंतोलीत नवे दवाखाने उघडत होते. त्यातला मनोहरराव डॉक्टरांचा दवाखाना चंपतरावच्या माहितीतला होता, तिथंच ते गेले. मनोहररावांनी जागेश्वरच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "यांच्या अंगात रक्त फार थोडं उरलंय. बाहेरून द्यावं लागेल. तुमच्यापैकी कोण देतं?"

"मी देतो," चंपतराव म्हणाला. "सख्खा भाऊ आहो मी त्याचा."

रक्त देण्याआधी ते जुळतं का हे पाहावं लागतं, एवढंच रुख्माबाईला सांगण्यात आलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टर उत्तराबाई रक्त तपासायच्या. बारीक चणीच्या, मुंबईला शिकून आलेल्या, बोलायला थोड्या. त्यांनी दोघा भावांचं रक्त घेतलं. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या आणि मनोहररावांशी हळू काही बोलल्या. मनोहरराव म्हणाले, "भावाचं जुळत नाही. दुसरं कोणी बोलवा."

गल्लीतून चार माणसं आली. चौघांचंही जुळलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी आली. त्यांचंही नाही.

त्यांच्यासोबत गल्लीतली यमुताईही पाहायला आली होती. ती व्हरांड्यात बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "एका मायच्या पोटचे दोघं, अन् रक्त जुळत नाही. मी तं असं कधी ऐकलं नाही बावा."

चंपतराव उठून फाटकापाशी जाऊन उभा राहिला. रुख्माबाई त्याच्या मागे गेली. त्याचे डोळे भरले होते, पण तो रस्त्यावरच्या टांग्यांकडे पाहत असल्यासारखं करत होता.

"भाऊजी, तिचं मनावर घेऊ नका."

"तिचं नाही घेत, वयनी. पण डॉक्टरही तेच म्हणून राहिले ना. माझं नाही, कोणाचंच नाही. मंग दादाचं रक्त आहे तरी कोणासारखं?"

खरं तर रुख्माबाईला त्याहून वाईट भीती वाटत होती. जगात ज्याचं रक्त कोणाशीच जुळत नाही, असा माणूस आता जगातून चाललाच आहे की काय, असं तिला वाटत होतं. हे ती कोणाला बोलली नाही. खाटेशी बसून नवऱ्याचे गार पाय पदरात घेऊन चोळत राहिली.

तिसऱ्या दिवशी, दुपार व्हायच्या सुमाराला, उत्तराबाई खाटेपाशी आल्या. स्टूल ओढून रुख्माबाईच्या शेजारी बसल्या.

"बाई, मला एक सांगा. यांना हे दुखणं उन्हाळ्यात कधी झालं होतं?"

"नाही. फक्त थंडीत. तीन हिवाळे झाले."

"थंड पाण्यात हात घातल्यावर काही होतं?"

"बोटं निळी होतात. कानही. शेगडीपाशी बसले का जातं."

उत्तराबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "काल मी यांच्या रक्ताच्या नळ्या खिडकीत ठेवून घरी गेले होते. सकाळी आले तर सगळ्या नळ्यांत रक्त दाणे धरून बसलेलं. ते मी रोजच पाहतेय. पण थोड्या वेळानं खिडकीत ऊन आलं आणि मी सहज पाहिलं तर दाणे नाहीत. मला वाटलं, मी नळ्यांची अदलाबदल केली. चला, तुम्हाला दाखवते. दिरालाही बोलवा."

मागची खोली लहान होती. पांढऱ्या फरश्यांचं टेबल, त्यावर काचेच्या नळ्यांची लाकडी घोडी, सूक्ष्मदर्शक यंत्र. रुख्माबाई दारातच थांबली, पण उत्तराबाईंनी तिला हाताला धरून टेबलापाशी आणलं.

त्यांनी एक नळी उचलली. "हे तुमच्या नवऱ्याचं रक्त. गोठू नये म्हणून यात औषध आहे, आणि दुसऱ्या कोणाचं रक्त यात थेंबभरसुद्धा नाही. हे नीट लक्षात ठेवा."

नळी त्यांनी माठातल्या पाण्याच्या वाटीत उभी धरली. आधी ते रक्त दिसायला रक्तासारखंच होतं, गुळगुळीत, नळीच्या अंगाला सारखं लागणारं. हळूहळू त्यात काहीतरी बदललं. उत्तराबाईंनी नळी तिरपी केली तेव्हा काचेवरून ओघळ उतरण्याऐवजी लाल रवाळ कण घसरले. फिक्या पाण्यात लाल कण वेगळे, पाणी वेगळं.

रुख्माबाईनं आयुष्यात असं पुष्कळदा पाहिलं होतं. "नासलं," ती म्हणाली.

"हो. दिसतं तसंच." उत्तराबाईंनी नळी पुसली आणि तिच्यापुढे केली. "धरा. मुठीत घट्ट धरा. घाबरू नका, बूच लावलंय."

रुख्माबाईनं नळी मुठीत घेतली. काच गार होती. तिनं दुसरा हातही वरून ठेवला, पाखराचं पिल्लू धरावं तसा. बाहेर रस्त्यावर कोणीतरी संत्र्यांची हाळी देत गेलं. काच हळूहळू तिच्या हाताइतकी ऊबदार झाली, आणि मग तिला ती हातात आहे की नाही तेही कळेना.

"आता पाहा."

तिनं मूठ उघडली. नळी तिरपी केली. आत रक्त होतं, अखंड, तेलासारखं सरळ उतरणारं. एक कणसुद्धा नव्हता.

नासलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, चुलीशी वाढलेल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. आणि इथं, तिच्या हातात, नासलेलं पुन्हा चांगलं झालं होतं. तिनं काही केलं नव्हतं, नुसतं धरलं होतं.

"पुन्हा करा ना, बाई," ती म्हणाली.

उत्तराबाईंनी पुन्हा केलं. वाटीत दाणे, मुठीत रक्त. मग चंपतरावच्या मुठीत दिलं. त्यानं मूठ उघडून पाहिलं, नळी उजेडाकडे धरली, आणि कोणी सांगितलं नसताना स्वतःच ती वाटीत बुडवून पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी त्यानं नळी खाली ठेवली ती दोन्ही हातांनी, देवापुढचं निरांजन ठेवावं तशी.

"हे का आहे, डॉक्टरीणबाई?" त्यानं विचारलं.

उत्तराबाई स्टुलावर बसल्या. सांगावं कसं, याचा विचार करत असाव्यात.

"अंगात बाहेरचं काही शिरलं, देवीचे जंतू म्हणा, विषमज्वराचे म्हणा, तर त्यांच्याशी लढायला रक्तात एक पदार्थ तयार होतो. तो शत्रूला ओळखतो आणि त्याला धरून ठेवतो. प्रत्येकाच्या रक्तात असे असतात, म्हणून तर आपण जगतो. पण यांच्या रक्तात एक असा तयार झालाय की जो यांच्याच तांबड्या पेशींना परकं समजतो. त्यांना एकमेकींना चिकटवतो. तेसुद्धा फक्त थंडीत. शरीराच्या उबेला तो त्यांना सोडून देतो. कान, बोटं ही शरीराची गार टोकं, म्हणून तिथं रक्त अडतं आणि ती निळी होतात. चिकटलेल्या पेशी फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो. दर थंडीत थोडं थोडं रक्त असं गेलं."

"त्याचंच रक्त त्याच्या विरोधात?" रुख्माबाईनं विचारलं.

"हो. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या सरांनी सांगितलं होतं की शरीर स्वतःवर कधी उलटत नाही, ते शक्यच नाही. आता लोक म्हणू लागलेत की उलटतं. मी ते वाचलं होतं. वाचणं वेगळं. आज सकाळी या खिडकीत पाहिलं तेव्हा मला खाली बसावं लागलं."

चंपतरावच्या मनात दुसरंच काही होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "मंग माझं रक्त?"

"तुमच्या रक्ताचा काही दोष नव्हता. यांचं रक्त इथल्या गारठ्यात कोणाच्याही रक्ताशी तसंच वागलं असतं, स्वतःशीसुद्धा तसंच वागतं. सकाळी मी यांच्या पेशी कोमट मिठाच्या पाण्यानं धुतल्या आणि सगळी तपासणी शरीराइतक्या उबेत पुन्हा केली. यांचा गट बी आहे. तुमचाही बी. आणि उबेत तुमचं यांच्याशी जुळतं."

भिंतीकडे तोंड करून चंपतरावनं खांद्यावरच्या पंच्यानं चेहरा पुसला.

मनोहररावांना पटायला वेळ लागला. दोघं डॉक्टर बराच वेळ बोलत होते. रुख्माबाईला दारातून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. धोका आहे, हे दोघांनाही मान्य होतं. दिलेलं रक्तही तसंच फुटेल, असं मनोहरराव म्हणत होते. शेवटी ते स्वतः मागच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची मूठ अजून अर्धवट मिटलेली होती. "उद्या दुपारी देऊ," ते म्हणाले. "ऊन असताना."

दुसऱ्या दिवशी दुपारी खाट खिडकीतल्या उन्हात ओढली. जागेश्वरला दोन दुलया, कानटोपी, पायात लोकरीचे मोजे घातले आणि खोलीच्या कोपऱ्यात शेगडी ठेवून दार किलकिलं ठेवलं. चंपतरावच्या दंडातून काढलेलं रक्त बाटलीत टांगलं. बाटलीपासून जागेश्वरच्या हातापर्यंत रबराची नळी, आणि ती मध्येच एका तसराळ्यातल्या कोमट पाण्यातून नेलेली. त्या पाण्याचं काम रुख्माबाईकडे आलं.

"गार होऊ द्यायचं नाही," उत्तराबाईंनी बजावलं, "आणि कढतही नको. बाळाच्या अंघोळीला असतं तेवढंच."

रुख्माबाई खाटेशी बसली, कोपर पाण्यात बुडवून पाहायची, गार वाटलं की किटलीतलं थोडं ओतायची. नळीतून लाल थेंब एकामागून एक उतरत होते. दिराच्या अंगातलं निघालेलं, तिच्या पाण्यातून ऊब घेऊन, नवऱ्याच्या अंगात जाणारं. कालपर्यंत रक्त म्हणजे तिला जखमेतून वाहतं ते एवढंच माहीत होतं. आता ती प्रत्येक थेंबाकडे पाहत होती आणि त्या थेंबात किती गोष्टी चालल्या असतील याचा अंदाज लागत नव्हता. कोण कोणाला ओळखतं, कोण कोणाला धरतं, कोण सोडून देतं, आणि हे सगळं माणसाला न विचारता. जागेश्वर मागावर बसून गुणगुणत असे तेव्हाही त्याच्या आत हेच चाललं असणार, आणि तिला त्याचं फक्त गुणगुणणं ऐकू यायचं.

"का पाहून राहिली वं?" जागेश्वरनं दुलईतून विचारलं. आवाज क्षीण होता, पण तीन दिवसांत तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलला होता.

"काही नाही. चुपचाप पडा."

मनोहरराव पुन्हा पुन्हा येऊन नाडी पाहत होते. बाटली संपली तेव्हा त्यांनी जागेश्वरची लघवी काचेच्या भांड्यात मागवली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. कोऱ्या चहाचा तो रंग वाढलेला नव्हता. दोन दिवसांनी ती साधी पिवळी झाली. उत्तराबाईंनी भांडं पाहिलं आणि मोलाची वस्तू द्यावी तसं ते रुख्माबाईच्या हाती दिलं.

आजार मुळातून गेला नाही. तो जाण्यासारखं औषध आपल्याजवळ नाही, हे उत्तराबाईंनी लपवलं नाही. पण थंडी टाळली की तो निजून राहील, असं त्या म्हणाल्या. म्हणून घरातली रीत बदलली. पाजणीला आता चंपतराव आणि गल्लीतला कोणी भिडू उभा राहू लागला. जागेश्वर ऊन ओट्यावर आल्याशिवाय बाहेर पडेना. सुताला हात लावायच्या आधी रुख्माबाई त्याला ऊन पाण्याचं गंगाळ द्यायची. कानटोपीवरून गल्लीतली पोरं हसली, मग त्यांनाही सवय झाली. विहिरीवर रुख्माबाईनं बायकांना नळीची गोष्ट सांगितली. यमुताईनं तोंडावर पदर धरला आणि बाकीच्यांनीही मान हलवली, पण कोणाचा फारसा विश्वास बसल्याचं दिसलं नाही. रुख्माबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिनं स्वतः हातात धरलं नसतं तर तिचाही बसला नसता.

उन्हाळा आला. मे महिन्यात नागपूर तापलं, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटू लागलं, माणसं दुपारी दारं लावून बसू लागली. जागेश्वर मात्र फुलला. गालावर रंग आला, मागावर हात चालू लागला. त्या दिवसांत उत्तराबाईंनी त्याला पुन्हा तपासायला बोलावलं.

या वेळी मागच्या खोलीत तो स्वतः होता. उत्तराबाईंनी त्याच्या हातातून रक्त काढलं, नळीत घातलं. बाहेर लू वाहत होती, नळीतलं रक्त गुळगुळीत होतं.

"बरं झालं मग," जागेश्वर म्हणाला.

उत्तराबाईंनी बर्फाचा एक खडा वाटीत टाकला आणि नळी त्यात उभी केली. जागेश्वर वाकून पाहत होता. दाणे धरू लागले तसा त्याचा चेहरा अगदी स्थिर झाला. बायकोनं आणि भावानं त्याला कितीदा सांगितलं होतं, पण त्याला ते रंगवून सांगितलेलं वाटलं होतं.

"हे माझं आहे?"

"तुमचं. ते अजून तिथंच आहे. फक्त थंडीची वाट पाहतंय."

त्यानं नळी घेतली, मुठीत धरली. रुख्माबाईला माहीत होतं काय होणार, तरी ती पुढे वाकली. मूठ उघडली. रक्त पुन्हा एक झालं होतं. जागेश्वरनं नळी डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली, जणू तिला वास येईल.

"मले कधी कोणाचा राग येत नाही, बाई," तो म्हणाला. "स्वतःचाही नाही. मंग यानं मले परकं काहून समजलं?"

"ते अजून कोणालाच ठाऊक नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "मोठमोठे लोक शोधताहेत. अशी माणसं दुसऱ्या देशांतही सापडली आहेत. फार थोडी, पण आहेत."

"कोण्या देशात?"

"इंग्लंडमध्ये. जर्मनीत. तिकडेच जास्त पाहण्यात आली."

"तिथं तं बर्फ पडते म्हणतात."

"पडतं. महिनोन्‌महिने."

जागेश्वरनं नळी घोडीत परत ठेवली. नमस्कार केला आणि दोघं बाहेर पडली. सीताबर्डीच्या दिशेनं रस्ता पांढरा झाला होता, झाडांखाली माणसं पंचे ओले करून डोक्यावर घेऊन बसली होती. रुख्माबाई सावली धरून चालली. तो उन्हातूनच चालला, डोकं उघडं, हात मोकळे सोडलेले, आणि तिनं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही. पुलापाशी तो थांबला तेव्हा तिला वाटलं, दमला असेल.

"मी त्या लोकायचा विचार करून राहिलो," तो म्हणाला. "बर्फातले. त्यायचं कसं होत असंन वं?"

रुख्माबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. तिला बर्फाचा देश कसा असतो ते माहीत नव्हतं, पण कोणीतरी एक बाई तिथं नवऱ्याचे गार पाय पदरात घेऊन बसली असेल, हे तिला एकदम दिसलं.

"कोणी ना कोणी ऊब देतच असंन," ती म्हणाली, आणि दोघं पूल उतरून घराकडे लागली.